मोडीत निघालेली अक्षरे



घरातील पितळेच्या भांड्याचा तळ झिजला किंवा हंड्याला तडा गेला, तर आपल्या आज्या ते भांडे उकिरड्यावर टाकीत नसत. ते दुकानी नेऊन वजनावर मोडीत घालावयाचे आणि वर थोडे पैसे देऊन नवे भांडे आणावयाचे, असा शिरस्ता होता. लुगडे विरले की त्याची वाकळ होई आणि वाकळ विरली की तिचे पोतेरे होई. ज्या नर्सी गावाला नामदेवांचे नाव लागले ते येथून फार दूर नाही. त्या थोर संताचा जन्म शिंप्याच्या कुळातला, आणि शिंप्याच्या घरी चिंधीलाही जागा असते हे आपण सर्व जाणतो. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आज आपण 'निकालात काढणे' या अर्थाने वापरतो. मूळ व्यवहारात मात्र मोड म्हणजे शेवट नव्हे. मोड म्हणजे नव्या भांड्याच्या किमतीतला पहिला हप्ता होय.

आजचा माझा विषय दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. तहसील कचेरीसमोर, न्यायालयाच्या आवारात किंवा महाविद्यालयाच्या फाटकाजवळ आपण सात-बाराचा उतारा अथवा गुणपत्रिका घेऊन 'झेरॉक्स' काढावयास जातो. यंत्रातून प्रत बाहेर येते, आपण पैसे देतो आणि निघून जातो. परंतु त्या यंत्राच्या पोटात एक नळकांडे झिजत असते, एक रबरी पट्टी बोथट होत असते आणि एक काळी पेटी रिकामी होत असते. ही झिजलेली वस्तू पुढे कोठे जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जाऊन, छापील अक्षरांची झिजलेली साधने आपल्या वाडवडिलांच्या काळी कोठे जात होती हे पाहिले पाहिजे. आजचे संध्याकाळचे बोलणे त्या इतिहासाविषयी आहे.

खिळ्याचा जन्म आणि पुनर्जन्म

हिंदुस्थानात पहिला छापखाना आला तो गोव्यात, इ. स. १५५६ मध्ये. मराठी छपाईचे खरे युग मात्र एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, आणि लगेच पुढच्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एक बोटभर उंचीचा धातूचा तुकडा होता. त्याला छापखान्यात 'खिळा' म्हणत.

खिळा कसा जन्मास येई ते पाहण्यासारखे आहे. प्रथम कुशल कारागीर पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरी, हा ठसा. तो ठसा तांब्यावर ठोकला की अक्षराचा खोल साचा मिळे, ही मातृका. मातृका साच्यात बसवून तीत वितळलेला धातू ओतला की खिळा तयार होई. हा धातू केवळ शिसे नव्हे. निव्वळ शिसे फार मऊ असते आणि थिजताना आकसते. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळीत. अँटिमनीमुळे खिळ्याला कठीणपणा येई आणि आकसणे कमी होऊन अक्षराची कड धारदार राही; कथिलामुळे रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत नीट पोहोचे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि हे मिश्रण त्याहूनही कमी उष्णतेवर वितळते. म्हणजे ज्या भट्टीवर ते एकदा ओतले, त्याच भट्टीवर ते पुन्हा वितळविता येत असे. झिजलेल्या खिळ्याचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर खिळा ओतणाराने आरंभीच देऊन ठेवलेले होते!

देवनागरी खिळे झिजत आणि मोडत मात्र लवकर. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांवर भागते. आपल्या लिपीला जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार या सर्वांसाठी काहीशे खिळे लागत. कित्येक खिळ्यांची मात्रा किंवा वेलांटी खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावत असे आणि यंत्राच्या दाबाखाली हाच नाजूक भाग आधी तुटे. जुन्या मराठी पुस्तकांत मध्येच एखादी वेलांटी अर्धी उमटलेली दिसते, ती लेखकाची चूक नसून थकलेल्या खिळ्याची खूण असते. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षरांचे भाग सुटे करून खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याचे मोठे काम केले. त्याच छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर एक गरीब मुलगा लागला होता. त्याचे नाव जावजी दादाजी. पुढे त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कलावंत लाभला, आणि निर्णयसागरचे अक्षर देशभर नावाजले गेले. जावजी १८९२ मध्ये वारले.

खिळे ओतणारा आणि छापखानदार यांचे नाते त्या काळी कासार आणि गृहिणी यांच्या नात्यासारखे होते. छापखान्यात फुटक्या खिळ्यांचा डबा वेगळा ठेवलेला असे. डबा भरला की खिळे वजन करून ओतणाराकडे जात आणि त्यांच्या बदली, मजुरी देऊन, नवे खिळे येत. वितळविताना वर मळी येई व तीत थोडे कथील आणि अँटिमनी निघून जाई. तेवढी भर घातली की धातू पुन्हा पहिल्यासारखा होई. मातृका जागेवरच राही. गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत येथे हुबेहूब लागू पडतो: देह बदले, अक्षर कायम राही. पुढे ओळच्या ओळ ओतणारी लायनोटाइप यंत्रे आली तेव्हा तर आज छापलेली ओळ उद्या वितळून नवी बातमी होऊ लागली.

या गुणाचा राजकारणातही प्रत्यय आला. हिंगोली १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या संस्थानात होती, आणि त्या संस्थानात मराठी वृत्तपत्र चालविणे ही तारेवरची कसरत होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. त्यावर बंदी आली तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. सरकारला पत्राच्या नावावर बंदी घालता येते. पण सुटे खिळे पुन्हा नव्या नावाने जुळविता येतात, त्यांना कोण बंदी घालणार?

दगडाची पाटी

आपल्या भागात खिळ्याचा एक भाऊही नांदत होता. तो म्हणजे शिळाछापाचा दगड. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डर यांनी ही विद्या शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने लिहावयाचे. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरते आणि लिहिलेल्या जागीच शाई बसते. गणपत कृष्णाजींचे पहिले पंचांगही शिळाछापावरचेच. हैदराबाद संस्थानाचा दरबारी कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले, आणि उर्दूची वळणदार नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नसल्यामुळे ती बहुधा दगडावरच छापीत.

हा दगड तर काटकसरीचा मूर्तिमंत पुतळाच. काम संपले की त्यावर वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने घासावयाचे. जुने अक्षर गेले की पाटी कोरी झाली. दर वेळी दगड रेसभर पातळ होई. पुढे तो इतका पातळ होई की दाबाखाली तडकण्याची भीती वाटे. तेव्हाच त्याची नोकरी संपे, आणि संपली तरी मागे उरे तो दगडच. मातीतून आलेली वस्तू मातीत जाई.

वितळत्या शिशाचा धूर

एथपर्यंत ऐकून कोणास वाटेल की वक्ता जुन्या काळाचे गोडवे गाण्यास उभा आहे. तसे नाही. नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो इतिहास न होता कीर्तन होईल.

शिसे हे विष आहे, आणि ते सावकाश चढणारे विष आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शिशाच्या झिलईने कुंभारांचे हात कसे थरथरू लागतात याचे वर्णन आहे. खिळे ओतणारा भट्टीवरची मळी काढताना तिची धूळ श्वासाबरोबर घेई. खिळे जुळविणारा दिवसभर शिसे हाताळी आणि त्याच हाताने तंबाखू मळी किंवा भाकरी मोडी. पोटशूळ, हिरड्यांवरची निळसर रेघ, मनगट लुळे पडणे ही त्या विषाची लक्षणे. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात, ज्या रोगांची खबर सरकारला दिलीच पाहिजे अशा रोगांची यादी होती. त्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते.

म्हणून जुन्या व्यवस्थेचा हिशेब असा मांडावा लागतो. तीत धातू वाया जात नव्हता हे खरे. माणूस मात्र थोडाथोडा वाया जात होता. जी वस्तू पुन्हा वापरात येते, ती कोणाच्या तरी हातातून जाते, आणि त्या हाताची किंमत वजनकाट्यावर दिसत नाही. पुढील भागात हे सूत्र आपल्याला पुन्हा उपयोगी पडेल.

पावडरीचे अक्षर

२२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ऑटो कोर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा एक पत्रा घेतला. तो कापडाने घासून त्यावर वीज निर्माण केली, त्यावर लिहिलेली काच ठेवून प्रकाश टाकला आणि मग बारीक भुकटी शिंपडली. अक्षरांच्या जागी भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलली, आणि काचेवर लिहिलेली ती तारीख व स्थळ कागदावर उमटले. शाईवाचून छापलेले हे पहिले अक्षर. कित्येक कंपन्यांनी कार्लसन यांना परत पाठविले. पण अखेर १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले, आणि त्याच्या निर्मात्याचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले.

या यंत्रातील नळकांड्यावर सेलेनियम या मूलद्रव्याचा लेप असे. सेलेनियम महाग, म्हणून झिजलेली नळकांडी गोळा करून त्यांतून ते परत काढणे परवडत असे. शिवाय ते यंत्र मुख्यतः भाड्याने दिले जाई; महिना ९५ डॉलर भाडे आणि ठरलेल्या प्रतींवर दर प्रतीला वेगळा आकार. यंत्र कंपनीचे, म्हणून त्याचा झिजलेला भागही कंपनीचा. म्हणजे विजेच्या युगातही काही वर्षे कासार आणि गृहिणी यांचे ते जुने नाते टिकून होते.

बंद पेटी

ते नाते तुटले ते दोन कारणांनी. पहिले कारण असे की, सेलेनियमच्या जागी स्वस्त सेंद्रिय रसायनांचा पातळ लेप आला. नळकांडे ॲल्युमिनियमचे राहिले, पण लेपात परत काढण्याजोगे काही उरले नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९८२ मध्ये कॅनन कंपनीने घरगुती आकाराचे प्रत काढण्याचे यंत्र आणले. त्यात झिजणारे सारे भाग एकाच पेटीत कोंबलेले होते. पुढे १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे लेसर छापयंत्र निघाले, त्याच्या पोटातही कॅननचेच यंत्र होते. पेटी संपली की ती फेकावयाची आणि नवी बसवावयाची. दुरुस्तीला माणूस बोलवावयास नको! सोय मोठी झाली यात शंका नाही. तिच्यामुळेच छापयंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले.

याच सुमारास खिळ्यांचे युग मावळले. ऑफसेट छपाई आली, मग संगणक आला, आणि कित्येक छापखान्यांनी आपले खिळे मणाच्या भावाने विकून टाकले. पूर्वीही खिळे वजनावरच जात असत. फरक एवढाच की या वेळी ते पुन्हा अक्षर होऊन परतले नाहीत.

आता ती काळी पेटी आपण मनाने उघडून पाहू. तीत ॲल्युमिनियमचे लेप दिलेले नळकांडे आहे, लोहचुंबकाचा रूळ आहे, पोलादी दांड्यावरचा रबरी रूळ आहे, नळकांडे पुसणारी पट्टी आहे, स्प्रिंगा आहेत, बहुतेक पेट्यांवर एक इवलीशी विद्युत चकती आहे, आणि या सर्वांभोवती दोन-तीन जातींचे प्लॅस्टिक आहे. एका कप्प्यात नवी भुकटी आणि दुसऱ्यात कागदावर न चिकटता परत आलेली वाया भुकटी. ही भुकटी म्हणजे टोनर. तो प्लॅस्टिक, काजळी, काही प्रकारांत लोहभस्म आणि थोडे मेण यांचा बनलेला असतो. त्याचा कण सुमारे ५ ते १० मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

खिळ्यात तीन धातू होते, पण ते एकाच आगीवर एकत्र वितळत आणि एकत्रच उपयोगी पडत. या पेटीतील वस्तू एकत्र वितळविल्या तर हाती केवळ विषारी धूर येईल. म्हणून भंगारवाला पेटी फोडतो, ॲल्युमिनियम आणि लोखंड काढून घेतो आणि उरलेले प्लॅस्टिक व भुकटी टाकून देतो किंवा जाळतो. मोकळ्या काजळीला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ मध्ये 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. टोनरमध्ये ती प्लॅस्टिकात बांधलेली असते, म्हणून तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि कोणतीही इतकी बारीक धूळ रोज छातीत घेणे बरे नव्हे. आणि ती हवेत उधळली असता ठिणगीने पेट घेऊ शकते हेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे पेटी पुन्हा भरून देणाऱ्या कारागिराचा उल्लेख आदराने केला पाहिजे. बाजारपेठेत छोट्या टेबलाशी बसून तो पेटीच्या खिळी काढतो, वाया भुकटी झाडतो, पट्टी बदलतो, टोनर भरतो आणि पेटीला दुसरा जन्म देतो. निर्मात्यांना त्याचे काम रुचत नाही. परंतु आपल्या परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर खिळे ओतणाराचा खरा वारस तोच होय. आणि त्याच्याही बाबतीत जुनाच अन्याय चालू आहे: वस्तू वाचते, धूळ त्याच्या वाट्याला येते.

कायद्याची वेस

जगात या प्रश्नाची जाणीव कधीच झाली. कॅननने वापरलेल्या पेट्या परत घेण्यास १९९० मध्ये आरंभ केला. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये जाहीर होऊन १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ मध्ये ते सुधारले, आणि २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या अनुसूचीत छापयंत्रे त्यांच्या पेट्यांसह आणि प्रती काढणारी यंत्रे यांचा स्पष्ट समावेश आहे. या नियमांचे तत्त्व असे की, ज्याने वस्तू बाजारात आणली त्याने ती झिजल्यावर तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी घ्यावी. नीट पाहिले तर हे तत्त्व नवे नाही. कासाराने जे आपखुशीने केले ते निर्मात्याकडून कायद्याने करवून घ्यावयाचे, एवढाच याचा अर्थ.

परंतु कायद्याच्या जाळ्याची भोके मोठ्या शहराच्या मापाने विणलेली आहेत. २०२२ च्या नियमांत 'मोठा ग्राहक' म्हणजे वर्षात किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्था. अशा संस्थेवर नोंदणीकृत संस्थेकडेच कचरा देण्याचे बंधन आहे. आपल्या गावातील शाळा, पतपेढी, वकिलाची कचेरी किंवा झेरॉक्सचे दुकान या व्याख्येत कसे बसणार? शिवाय निर्मात्यांच्या प्रमाणपत्रांचा हिशेब आरंभी सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंवर बसविलेला आहे. आणि काळ्या पेटीचे बहुतेक अंग तर प्लॅस्टिकचे. म्हणजे जी वस्तू आपल्याकडे सर्वांत अधिक फेकली जाते तीच हिशेबात सर्वांत हलकी ठरते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके त्यात आले. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे कागद. लोकांना दाखला मिळविण्यासाठी परभणीची वाट धरावी लागेनाशी झाली, ही मोठीच सोय. त्या सोयीबरोबर आलेल्या काळ्या पेट्यांचा विचार मात्र कोणाच्या टिपणीत आला नाही.

आपल्या हाती काय आहे

जुन्या व्यवस्थेचे तीन खांब होते: वस्तू सहज वितळणारी होती, ती घडविणाराकडेच परत जात होती, आणि तिचा भाव दोन्ही पक्षांना ठाऊक होता. पहिला खांब आपल्या हातचा नाही. दुसरा आणि तिसरा यांना मात्र गावाचा हातभार लागू शकतो.

एका दुकानातील दोन पेट्यांसाठी परभणी-नांदेडहूनही कोणी येणार नाही. पण पाच तालुक्यांतील कचेऱ्या, शाळा आणि दुकाने यांनी त्या एका ठिकाणी साठविल्या तर नोंदणीकृत संस्थेला गाडी पाठविणे परवडेल. साठविताना पेटी मूळ पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवावी, फोडू नये, जाळू नये, ओल्या कचऱ्यात टाकू नये. टोनर सांडल्यास कोरड्या झाडूने उडवू नये. थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपावा, कारण गरम पाण्याने तो वितळून चिकटतो. संस्थांनी नवे यंत्र घेताना नळकांडे आणि टोनर वेगवेगळे बदलता येतात की नाही, आणि विकणारा जुना भाग परत घेतो की नाही, हे दोन प्रश्न निविदेतच विचारावेत. आणि पेटी भरून देणाऱ्या कारागिराला नाकावर चांगली पट्टी व भुकटी झाडण्यासाठी बंद खोके मिळावे, यासाठी आपण त्याला दोन पैसे अधिक द्यावेत. खिळे ओतणाराच्या हातांचे जे मोल आपल्या आजोबांनी चुकविले नाही, ते निदान याच्या छातीचे तरी आपण चुकवू नये.

व्याख्यानमालेच्या चालकांना शेवटी एक विनंती आहे. पुढील वर्षी वसंतात हा मंडप उभा राहील, तेव्हा प्रवेशद्वाराशी फुटक्या खिळ्यांच्या डब्यासारखा एक मोठा झाकणाचा डबा ठेवावा, आणि मालेच्या अखेरच्या दिवशी त्यात किती पेट्या जमल्या व त्या कोणाच्या स्वाधीन केल्या हे व्यासपीठावरून वाचून दाखवावे. आज आपण सर्वांनी ही जी निमंत्रणपत्रिका हाती धरली आहे, तिच्याही पेटीची पाळी त्या वेळी आलेली असेल.